कव्हरातली झीज

2024 च्या लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ठाण्यातून शस्त्र जमा करायचा निरोप आला. मी बाबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन गेले. परवान्यावर आता फोटो माझा आहे, पण तोंडातून अजून 'बाबांचं'च निघतं. टेबलामागच्या हवालदारांनी परवान्यातला नंबर ताडून पाहिला, रिव्हॉल्व्हर मधून उघडून गोळ्यांची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, मग ते खिडकीच्या उजेडाकडे धरून नळीच्या टोकावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "म्याडम, लई वापरलंय की हो हे." शेजारचा शिपाई हसला. मीही हसल्यासारखं केलं, पावती पर्समध्ये टाकली आणि बाहेर पडले. मार्केट यार्डाची कमान येईपर्यंत डोक्यात तेच. वापरलंय म्हणजे नक्की काय केलंय?

गोळी झाडल्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि वेगळ्या जागी असतात. सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या भागाच्या, पुढच्या तोंडावर प्रत्येक घराभोवती काळपट कडं धरतं, नळी सुरू होते तिथे शिशाचा थर बसतो, सिलिंडरवरून जाणाऱ्या वरच्या पट्टीच्या आतल्या अंगाला भाजल्यासारखा चट्टा उठतो. आमच्या रिव्हॉल्व्हरला यातलं जवळजवळ काही नाही. घेतल्यावर चाचणीपुरत्या गोळ्या झाडल्या असतील तेवढ्याच; पुढे बाबांनी ते कधी चालवल्याचं घरात कुणाला आठवत नाही. तरी नळीच्या तोंडाची कड पांढरी पडली आहे. पुढची माशी, नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, चकाकते. सिलिंडरच्या उंचवट्यांवरची निळसर काळी झाक उडून आतलं करडं पोलाद वर आलंय, आणि डाव्या बाजूला तर मोठा तपकिरी पट्टा आहे. बघणाऱ्याला वाटावं, ह्यानं फार काही पाहिलंय. त्यानं पाहिला तो बहुतेक वेळ कव्हराच्या आतला अंधार.

पोलादाला कातडं झिजवतं, हे तिथे सांगितलं असतं तरी हवालदारांना पटलं नसतं.

बाबा गुळाचे अडते. हंगाम सुरू झाला की पन्हाळा, राधानगरी, कागल या भागातल्या गुऱ्हाळांवर रोख पोचवावी लागायची. खात्यावर पैसे टाकणं वगैरे तेव्हा कुणी मनावर घेत नसे. गूळ उतरला की नोटा हातात. कापडी पिशवी पायाशी, जीपचा मागचा पडदा फडफडतोय आणि रस्ता असा की दात वाजावेत. यार्डातल्या एका पेढीच्या दिवाणजीला रात्री वाटेत अडवून लुटलं, त्याच्या डोक्याला टाके पडले, आणि बाबांनी परवान्याचा अर्ज केला. आपल्याकडे साध्या माणसाला मिळतं ते .32 बोअरचं, म्हणजे नळीच्या त्या मापाचं; .38 आणि 9 मिलिमीटर मनाईच्या यादीत. त्यामुळे कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या घाटाचं, मधून मोडणारं रिव्हॉल्व्हर घरात आलं. आईनं पहिले काही दिवस त्या कपाटाला हात लावला नाही. त्यातल्या साड्या मलाच काढून द्याव्या लागत.

कव्हर बाजारात तयार मिळत होतं, फौजदार लावतात तसं, वर झाकण असलेलं. बाबांना ते नको होतं. कमरेला फुगवटा दिसला की लोक बघणार, आणि लोक बघायला लागले की पिशवीत काय आहे हे आपणच सांगितल्यासारखं. म्हणून कोल्हापूरच्या सुभाषनगरात ज्या मामांकडे ते पायताणं करून घेत त्यांच्याकडे गेले. मी बरोबर होते. मामा म्हणाले, "वस्तू ठिवून जावा, आठ दिसांनी या." बाबा म्हणाले, "ठेवून जाता येत नाही हो मामा, दोघांनाबी आत टाकतील." ते खरंच होतं, परवाना नसलेल्याच्या ताब्यात शस्त्र देणं हा गुन्हा. मग तपकिरी कागद आला. बाबांनी रिव्हॉल्व्हर रिकामं करून कागदावर ठेवलं, मामांनी कानामागची पेन्सिल काढून भोवतीनं रेघ मारली, जाडी दोऱ्यानं मापली. त्या कागदावरून एका सुतारानं लाकडाचा ठोकळा घडवला आणि भिजवलेलं कातडं त्या ठोकळ्यावर आवळून वाळवलं गेलं. ठोकळा शेवटी ठोकळाच. सिलिंडरच्या पोटाशी तो जरा जास्त फुगला होता. कव्हर देखणं झालं, पण आत रिव्हॉल्व्हर किंचित हलायचं. चालताना नाही, जीपमध्ये. खड्डा आला की बाबांच्या कमरेशी अगदी हलका ठक् आवाज व्हायचा. घट्ट बसणाऱ्या कव्हरात शस्त्र फक्त काढताना-घालताना घासलं जातं. सैल कव्हरात ते दिवसभर घासत राहतं.

कातडं म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. कोल्हापुरी पायताणाची सगळी जान त्या कमावण्यात. चुन्यात घालून केस काढले की कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं, आत साल-हिरड्याचं पाणी भरायचं. ते पाझरत राहतं आणि पाझरता पाझरता कातड्यात मुरतं. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 मध्ये प्राडानं तसलीच पायताणं मिलानच्या रॅम्पवर चढवली आणि आपल्याकडे गदारोळ झाला. त्या बातम्या वाचताना माझ्या नाकात मात्र बाबांच्या कव्हराचा वास होता, तुरट, ओलसर, गुळाचा आंबूसपणा आत शिरलेला.

आता एवढ्या मऊ वस्तूनं पोलाद कसं झिजावं? बरीच वर्षं मला वाटायचं की कातड्यात काही तरी रसायन असणार. ते आहेच, त्याकडे येते. पण घासण्याचं काम कातडं स्वतः फारसं करत नाही. ते करते धूळ. धुळीत वाळूचा बारीक कण असतो, म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोहस मापावर 7. रिव्हॉल्व्हरवरची निळी-काळी झाक म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा थर, चुंबकी दगडात असतं तेच मॅग्नेटाइट, त्याचा कठीणपणा साधारण साडेपाच ते साडेसहा. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या 140 अंशांच्या आसपास उकळत्या द्रावात पोलाद बुडवून तो थर आणतात आणि त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. वर रंग लावलेला नाही की पोपडा निघेल. ते लोखंडाचंच वरचं कातडं. कव्हराच्या आतल्या खरखरीत बाजूत धुळीचे कण रुतून बसतात, बाहेर पडत नाहीत, आणि रोजच्या काढ-घालीत पोलादावरून फिरतात. पूर्वी केस कापायच्या दुकानात खुर्चीला चामड्याचा पट्टा अडकवलेला असे, त्यावर वस्तरा इकडून तिकडे ओढला की पातं लखलखायचं. बाबा रोज सकाळी आणि रोज रात्री नकळत तेच करत होते. गुऱ्हाळावरची राख, चिपाडाची कुसळं, रस्त्याची तांबडी माती, सगळं त्या पट्ट्यावर चढत होतं.

म्हणून नळीचं तोंड सगळ्यात आधी गेलं. आत जाताना पहिली टेकते ती तीच कड. मग माशी, मग सिलिंडरच्या कडा. जे पुढे येतं ते झिजतं. खळग्यांमधला रंग अजून नव्यासारखा आहे. सिलिंडरभोवती एक बारीक चकाकती रेघही आहे, ती मात्र कव्हराची नव्हे. सिलिंडर जागेवर थोपवणारा खिट्टा फिरताना घासून ती उमटवतो. तेवढी रेघ बाबांच्या बोटांची. सिलिंडर रिकामं करून कट-कट फिरवत ते हिशेबाच्या वहीकडे बघत बसायचे. आई आतून ओरडायची, "ते ठेवा आधी."

डाव्या बाजूचा तपकिरी पट्टा मला फार दिवस कळला नव्हता. बाबा उजव्या कमरेला लावायचे, म्हणजे रिव्हॉल्व्हरची डावी बाजू पोटाकडे. त्या बाजूला मध्ये फक्त कातडं आणि बनियन. एप्रिलच्या उन्हात गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ तासन्‌तास उभं राहिलेल्या माणसाचा घाम कातडं पिऊन घेतं आणि आतल्या बाजूला सोडतं. घामातलं मीठ धुळीसारखं घासत नाही, ते बसल्या जागी पोखरतं. उजवी बाजू झिजली आहे, डावी गंजून पुसली गेली आहे. त्याच त्या बारा-पंधरा वर्षांची ही दोन वेगळी खाती. हंगाम संपल्यावर बाबा घरी मिरवण्यासाठी ते लावणारे नव्हते, त्यामुळे त्या पट्ट्यात दिवाळीनंतरचा आणि उन्हाळ्याचाच घाम आहे, पावसाळ्याचा नाही, हे मी जवळजवळ शपथेवर सांगू शकेन.

पावसाळ्यानं वेगळंच काम केलं. जूनपासून ते कव्हरासकट कपाटात पडून असायचं. जपून ठेवायचं म्हणजे कव्हरात घालून ठेवायचं, हे कुणालाही सुचेल. आणि तेच सर्वांत वाईट. कोल्हापूरच्या पावसात कातडं हवेतलं पाणी ओढत राहतं, त्यावर पांढरी बुरशी चढते, कमावलेलं कातडं मुळात थोडं आम्लच, आणि हे सगळं पोलादाला मिठी मारून तीन-चार महिने बसतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ कातडं, हल्ली बूट-पर्सांत असतं ते, त्यातले क्षार नीट धुतलेले नसतील तर याहून वाईट. मामांच्या कव्हराच्या आत टॉर्च मारून बघितलं तर काळीशार आकृती दिसते, सिलिंडरचा गोल, नळीची रेघ, माशीचा ठिपका. आधी मला तो ग्रीसचा डाग वाटला. तो धुवून जात नाही. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळी शाई होते; बोरूनं लिहायची जुनी शाई हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, घालूनच करत. म्हणजे रिव्हॉल्व्हरवरून जे गेलं त्यातलं थोडं कव्हरात लिहून ठेवलेलं आहे. मला हे कळलं त्या दिवशी मी ते दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले होते, आणि जिवाला बरं वाटतंय की शहारा येतोय हे ठरत नव्हतं. शेवटी ती माणूस मारायची वस्तू आहे. तिच्याकडे बघून डोळे भरून यावेत, याचा मला थोडा रागही येतो.

मध्ये एकदा बाबांनी नायलॉनचं कव्हर आणलं होतं, आत फोमचं अस्तर. हलकं, धुता येणारं, आवाज नाही. पण फोम घाम शोषून धरतो आणि सोडतच नाही. एका पावसाळ्यात वरच्या पट्टीवर नारिंगी दाणे उठले. बाबांनी ते कव्हर कात्रीनं कापून मोबाइलला केलं.

टेक्सासमधला माझा चुलतभाऊ या सगळ्याला हसतो. तिथे 2021 पासून परवान्याशिवायही कमरेला पिस्तूल लावता येतं. हा किराणा आणायला जातानासुद्धा लावतो. मला ते बघवत नाही आणि त्यावरून आमचं वाजतं, पण वस्तूंबद्दल बोलायला तो बरा. "ताई, कातडं आता कोण वापरतं?" म्हणत त्यानं कॅमेऱ्यासमोर आपलं कव्हर धरलं. कायडेक्स. ॲक्रिलिक आणि पीव्हीसीचं मिश्रण, 1965 मध्ये रोम अँड हास कंपनीनं विमानांच्या आतल्या भागांसाठी काढलेलं. तापवलं की नरमतं, साच्यावर दाबलं की प्रत्येक कडेचा आकार घेतं, आणि पिस्तूल आत गेलं की टक् करून धरून ठेवतं. पाणी पीत नाही, घाम पीत नाही, बुरशी नाही. "झीजच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, जरा उजेडात धर. त्याच्या ग्लॉक पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, पुढच्या कोपऱ्यांना दोन सरळ, बारीक, करड्या रेघा होत्या, पट्टी लावून मारल्यासारख्या. धूळ तिथेही शिरते. फक्त तिला रुतायला जागा नसते, म्हणून ती धातू आणि प्लॅस्टिकच्या मध्ये राहून ठरलेल्या दोन-तीन ठिकाणीच ओरखडे काढते. कातडं सगळ्या अंगावर थोडं थोडं खातं, हे एका जागी खातं. त्याला त्या रेघांची फिकीर नव्हती आणि ते बरोबरच होतं. ग्लॉकच्या पोलादाच्या पृष्ठभागातच नायट्रोजन मुरवून तो कठीण केलेला असतो. वरचा काळा रंग गेला तरी गंजापासूनचं संरक्षण आत शाबूत. आमच्या रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. झाक जितकी पातळ, तितकं तेल धरायला जागा कमी. ऑक्साइडचा थर एकटा गंज फारसा अडवत नाही, तेल धरून ठेवतो म्हणून अडवतो. तो उडाला की बोटाचा ठसासुद्धा रात्रीत तपकिरी होतो.

पुण्यातल्या भावाचं म्हणणं, एवढं आहे तर नवीन ब्ल्यूइंग करून घे, म्हणजे ती निळी-काळी झाक परत चढवून घे. मीही त्या विचारात होते. बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक मिस्त्रींकडे नेलं. म्हातारा माणूस, बोटं तेलानं कायमची काळी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि विचारलं, "पॉलिश करायला आधी सगळं बफावर घासावं लागतंय. कडा गोल होतील, अक्षरं पुसट होतील. नंबर पुसट झाला तर मग?" नंबर पुसणं हा शस्त्र कायद्यानं गुन्हा, पुसट होणं हा गुन्हा नव्हे, पण दर नूतनीकरणाला कुणाला काय काय समजावत बसायचं. नंबरावरून मला भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल आठवलं. 17 डिसेंबर 1928 ला लाहोरात पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूंनी झाडली आणि मागोमाग भगतसिंगांनी या .32 च्या पिस्तुलातून. ते पुढे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेच्या संग्रहालयात इतर पिस्तुलांबरोबर वर्षानुवर्षं पडून होतं, कुणाचं ते न कळता, कारण गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता. रंग खरवडल्यावर खालचा नंबर दिसला, खटल्याच्या कागदांशी जुळला, आणि मग ते पंजाबातल्या हुसैनीवाल्याला नेलं. रंग फासणाऱ्यानं काळजीपोटीच फासला असणार. त्यानं ते वाचवलंही असेल. पण लाहोरच्या रस्त्यांवर ते कुणाच्या खिशात, कुठल्या कापडात घासलं गेलं असेल, त्याची जी काही नोंद धातूवर होती तिचं आता कुणाला काय सांगता येईल? आमच्या रिव्हॉल्व्हरला तसला इतिहास नाही, देवाच्या कृपेनं. मी मिस्त्रींना म्हटलं, नुसतं साफ करून द्या.

निकालानंतर जूनमध्ये ते परत मिळालं. सुतळीनं चिठ्ठी बांधलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. नळीच्या तोंडाशी, जिथे काहीच झाक उरलेली नाही तिथे, हळदीच्या रंगाचा बारीक गंज आला होता. तेल लावून सुती कापडानं चोळल्यावर गेला. तेव्हापासून ते कव्हराबाहेर, तेलाच्या फडक्यात असतं आणि कव्हर वेगळ्या खणात. कपाट उघडलं की आधी वास येतो तो कव्हराचाच.

पण माझं खरं भांडण त्या ऑक्टोबरात झालं, आईशी. खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर तराजू, जुनी वजनं, पावतीपुस्तकं आणि रिव्हॉल्व्हर असं सगळं मांडतात. नळीवर वरच्या बाजूला करंगळीच्या पेराएवढा एक गंजाचा ठिपका आहे, किंचित खोलगट. तो कव्हराचा नाही, घामाचा नाही. दरवर्षी आई तिथेच ओलं कुंकू लावते आणि ते दसरा संपेपर्यंत पुसायचं नसतं. कव्हर मात्र कधीच पाटावर नसतं. पूजेआधी बाबा ते काढून बाहेरच्या खुंटीला अडकवायचे, कातडं देवापुढे नको म्हणून. ज्या मामांनी ते केलं त्यांचा चहाचा कपही आमच्याकडे खिडकीत वेगळा असे, हे मला फार उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर बाबांबद्दलच्या कित्येक आठवणी मला परत तपासाव्या लागल्या.

तर त्या दिवशी मी आईला म्हटलं, या वेळी पोलादाला ओलं काही लावू नकोस, कुंकू लावायचंच तर कव्हराला लाव, त्याला काही होत नाही.

"कातड्याला कुंकू? शहाणीच आहेस."

"मग भजनात तू मृदंगाला हात लावून नमस्कार करतेस, त्याला काय असतं गं?"

आईनं निरांजनाची वात पुढे सारली. "ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"ते वाजतं," आई म्हणाली, आणि कुंकवात बोट बुडवून त्याच ठिपक्यावर टेकवलं. मग माझ्या हातातल्या तेलाच्या फडक्याकडे बघून म्हणाली, "पुसायचं असेल तर आरती झाल्यावर पूस. दसऱ्यापर्यंत थांबू नकोस, मी काही बोलणार नाही."